विश्वाचे वय भागिले रविवार

वायाळ सर मागच्या भाद्रपदात गेले. कॉलेजची स्मरणिका निघते आहे. संपादकांनी मला कळवले, 'सरांची शिस्त' या विषयावर दोन पाने लिहा. मी लिहायला बसलो. दोन पानांत मावेना, आणि जे मावत होते ते खरे नव्हते. म्हणून स्मरणिकेला चार ओळी पाठवून दिल्या आणि हे वेगळे लिहिले. यातले आकडे मी माझ्या जुन्या वहीवरून पडताळून घेतले आहेत. बोलणी आठवणीतली आहेत, पण ती विसरता येण्यासारखी नव्हती.

सर उंचीने पाच फूट तीन इंच. अंगात पांढरा टेरिकॉटचा शर्ट, पूर्ण बाह्यांचा, मनगटाची बटणे लावलेली. खिशात दोन पेने, एक निळे, एक लाल. हातात फूटपट्टी. वहीचे पान उलटायचे तरी बोटाने नाही, पट्टीने. आणि तोंडात एकच वाक्य: "आकडा सांग." सर, आज फार ऊन आहे म्हटले की, "किती? आकडा सांग." पोरगा अभ्यास करतो म्हटले की, "तास किती?" एकदा काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, तापाने फणफणल्या होत्या. शेजारच्या बाई विचारायला आल्या, तर सर म्हणाले, "एकशे दोन पॉइंट चार." एवढे सांगून त्यांनी दार लावून घेतले.

ते आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. मूळचे आमच्याच बाजूचे, वैजापूरकडचे, घरची बरीच जमीन. ती त्यांनी भावाच्या नावे करून दिली होती, कारण जमिनीची कटकट मोजता येत नाही. पण वर्गातले शिकवणे हे त्यांचे पोटापाण्याचे काम. खरे काम रविवारी, औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत चालायचे.

ते काम काय होते ते आधी सांगतो. आपली आकाशगंगा आकाशात एकटी नाही. तिच्यासारखीच एक मोठी दीर्घिका शेजारी आहे, आणि या दोघींच्या आसपास लहान लहान दीर्घिकांचा गोतावळा आहे. हा गोतावळा आज दिसतो तसा कसा जमला, हे सरांना मांडून पाहायचे होते. आरंभी या सगळ्या मिळून बत्तीस दीर्घिका कुठे असतील, कोणत्या वेगाने जात असतील, याचा अंदाज सरांनी बांधला होता. पुढे नियम एकच. प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते. जवळचीला जास्त, लांबचीला कमी. ही ओढ मोजायची, तिच्याप्रमाणे प्रत्येकीला पुढे सरकवायचे, पुन्हा मोजायचे, पुन्हा सरकवायचे. असे करत करत आजच्या दिवसापर्यंत यायचे. परदेशात हे काम यंत्रे करत होती. सरांकडे आम्ही होतो.

आम्ही आठ जण. माणशी चार दीर्घिका. एकीला बाकीच्या एकतीस ओढणार, म्हणजे माणशी एकशे चोवीस आकडेमोडी. लॉग टेबल घेऊन एका आकडेमोडीला आठ मिनिटे लागत. एका टप्प्याला साडेसोळा तास, म्हणजे दोन रविवार. आता टप्पा केवढा घ्यायचा? सरांनी फळ्यावर मांडले. विश्वाचे वय धरले तेराशे कोटी वर्षे. आम्ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, एम.एस्सी. होऊन पांगेपर्यंत तीन वर्षे. परीक्षा आणि सण वगळून हाती रविवार उरले एकशे चार. म्हणजे बावन्न टप्पे. तेराशे कोटी भागिले बावन्न, पंचवीस कोटी वर्षे. सरांनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या. आमचे रविवार विश्वाला मानवतील का, हे तेव्हा कोणी विचारले नाही.

भिंतीवर काळ्या कापडाचा मोठा फळा होता. त्यावर टाचणीने बत्तीस बटणे टोचलेली. ती सरांनी स्वतः गुलमंडीतून निवडून आणली होती. दोन मोठ्या दीर्घिकांना ओव्हरकोटाची बटणे, बाकीच्यांना वजनाप्रमाणे कोटाची, पँटची, शर्टाची. टप्पा पुरा झाला की सर पट्टीने मोजून एकेक बटण सरकवायचे. त्या वेळी खोलीत कोणी खोकायचेसुद्धा नाही. पंधराव्या-सोळाव्या टप्प्याला विखुरलेली बटणे आपसूक मधे गोळा होऊ लागली. सर दोन पावले मागे सरले आणि म्हणाले, "बघा. घर बांधलं जातंय आपलं." त्यांचा आवाज मऊ झालेला मी तेवढा एकदाच ऐकला.

सर आम्हाला नावाने हाक मारत नसत. ज्याच्याकडे ज्या दीर्घिका तेच त्याचे नाव. मी 'एक ते चार'. दोन्ही मोठ्या माझ्याकडे होत्या, याचा मला थोडा तोरा होता. चहाचे स्टीलचे पेलेही तसेच. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून घेतात. सरांनी आठ पेल्यांवर आकडे घालून घेतले होते. ज्याने त्याने आपला पेला घ्यायचा, आपला विसळायचा, उपडा घालायचा.

'सतरा ते वीस' म्हणजे उत्तम हिवराळे. सोयगाव तालुक्यातला, वसतिगृहात राहायचा. त्याच्या गावी वस्ती गावाबाहेर, वडील दुसऱ्याच्या रानात कामाला. आडनाव सांगितले की समोरचा पुढचा प्रश्न विचारायचा, "कंचं गाव? कुणापैकी?" आणि उत्तर ऐकून गप्प व्हायचा, याची त्याला सवय होती. मला तो पहिल्या दिवसापासून 'पाटील' म्हणायचा. आम्ही पाटील नव्हतो. तो म्हणायचा, "नसना का. बसायची ढब तर हाय." सरांचे घर मात्र त्याला आवडायचे. एकदा परतताना म्हणाला, "पाटील, इथं मला नाव नाय बघ. लई बरं वाटतं."

सरांची शिस्त म्हणजे काय याचा नमुना सांगतो. 'नऊ ते बारा' असलेल्या मुलाने एका बेरजेत हातचा सोडला. चूक पुढच्या टप्प्यात सापडली, तोवर आठही जणांचे काम वाया गेले होते. सर ओरडले नाहीत. त्यांनी फळ्यावर मांडले: आठ जण, साडेसोळा तास, एकूण एकशे बत्तीस. मग त्या मुलाला एकेकापुढे नेऊन उभे केले. प्रत्येकापुढे त्याने म्हणायचे, "मी तुझे साडेसोळा तास खाल्ले." सात वेळा. शेवटी सर म्हणाले, "आता आरशापुढे. आठवा राहिला." काकूंच्या कपाटाच्या आरशापुढे तो ते म्हणाला आणि रडला. सर म्हणाले, "रडण्याचे वेगळे धरत नाही."

आम्ही अठराव्या टप्प्यात असताना विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. शहरात जमावबंदी लागली. सरांनी निरोप धाडला, "बंदी पाच जणांना आहे. चार-चार करून या." आम्ही गेलो. सर नामांतराच्या बाजूने बोलले नाहीत, विरोधातही बोलले नाहीत. मोर्चा दारावरून गेला तर खिडकी लावून घ्यायचे, कोणाचाही असो.

हिवराळे तीन रविवार आला नाही. चौथ्या रविवारी आला. डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती, अंगात कोणाचा तरी मोठा शर्ट.

सर म्हणाले, "सतरा ते वीस, तुझ्या चार दीर्घिका तीन रविवार जागच्या जागी उभ्या आहेत."

"गावाकडं होतो, सर. वस्ती जाळली. आमचं घर गेलं."

"वही?"

"सर, घर जळालं."

"ते कळलं. वही कुठाय?"

"घरातच होती. सुट्टीत करावं म्हणून नेली होती."

सर त्याच्या पट्टीकडे बघत होते. मला वाटले, आता तरी काही बोलतील. ते म्हणाले, "उजवा चालतो ना?"

हिवराळे बसला. कोरी वही घेतली. त्याने केले ते असे: क्रमांक सतरा जितकी क्रमांक एकला ओढते, तितकीच एक सतराला उलटी ओढते. म्हणजे त्याचे जळालेले बहुतेक आकडे आमच्या सात वह्यांत होते, फक्त उलट्या चिन्हाने. त्याने आमच्या वह्या मागून घेतल्या आणि आपली वही पुन्हा उभी केली. त्याच्या चौघींच्या आपसांतल्या तेवढ्या सहा जोड्या कोणाकडे नव्हत्या, त्या त्याने नव्याने काढल्या. तीन रविवारांचे काम त्याने आठवड्यात पुरे केले. सरांनी लाल पेनाने तपासले, एकही खूण करावी लागली नाही. म्हणाले, "हे वहीला जमलं. घरालाही जमेल." हे सांत्वन होते की काय होते, मला आजही सांगता येत नाही. आमच्या गावात त्या आठवड्यात काय झाले, कोण कोण त्यात होते, हे मी घरी विचारले नाही. ही नोंद राहून जाऊ नये.

एक्केचाळिसाव्या टप्प्याला ती गोष्ट झाली. क्रमांक एकोणीस ही शर्टाच्या बटणाएवढी दीर्घिका. चाळिसाव्याला ती दोन्ही मोठ्यांच्या अगदी जवळ आली होती, आणि या टप्प्याला तिचा वेग एवढा निघाला की ती फळ्याबाहेर गेली. सरांच्या डोळ्यांत चमक आली. आपल्या गोतावळ्याच्या काठावर एक अंधूक, एकटी दीर्घिका दिसते. ती तिथे एकटी कशी, याचे उत्तर सरांना मिळाले होते. मोठ्यांनी तिला फेकले. हा शोध होता.

हिवराळे उभा राहिला. "सर, टप्पा मोठा पडतोय."

"आकडा सांग."

"चाळिसाव्याला एकोणीस मोठ्यांच्या अलीकडं हाय, एक्केचाळिसाव्याला एकदम पलीकडं. मधी काय झालं ते आपण बघितलंच नाय. जवळून जाताना ओढ सारखी बदलती. आपण ती एकदाच मोजली, लई जवळ असताना, अन् तीच पंचवीस कोटी वर्षं लावली. मग फेकली जाणारच की."

"उपाय?"

"मागं जाऊन टप्पा बारीक करायचा. दहावा हिस्सा."

"म्हणजे एका टप्प्याच्या जागी वीस रविवार. बारा टप्पे उरलेत. दोनशे चाळीस रविवार. दिवाळीसुद्धा न करता साडेचार वर्षांच्या वर."

"सगळीकडं नको सर. जवळ येत्यात तिथंच."

सरांनी पट्टी टेबलावर ठेवली. "एकोणीस तुझी आहे, म्हणून लागलं का?"

कोणीतरी हसले. सर पुढे म्हणाले, "हलकं असतं ते बाहेर फेकलं जातं. मोठ्यांच्या समूहात राहायला वजन लागतं. सृष्टीचा नियम आहे. तुला तरी तो नव्यानं शिकवायला लागू नये." मग माझ्याकडे वळले. "एक ते चार, दोन्ही मोठ्या तुझ्याकडे. तुझ्या वहीत काय दिसतं?"

माझ्या वहीत तेच दिसत होते. एकोणीसची माझ्या मोठ्यांवरची ओढ एका टप्प्यात चाळीसपट झाली होती, पुढच्यात जवळजवळ शून्य. आदल्या रविवारी ते पाहून मी स्वतःशीच चमकलो होतो. हिवराळे माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "माझ्या वहीत सगळं बरोबर आहे, सर."

ते खोटे नव्हते. आकडेमोड बरोबरच होती. सरांनी पांढरे बटण उपटले, भिंतीवरून मोजत मोजत गेले आणि दाराच्या चौकटीच्या लाकडात टोचले. "एकोणीस इथे." त्यानंतर आत येताना-जाताना ते बटण आमच्या खांद्याशी असायचे.

बावन्न टप्पे वेळेत पुरे झाले. सरांचा लेख इथल्याच एका नियतकालिकात छापून आला. शेवटी आभारात मदतनिसांची नावे. सात. मी दोनदा मोजली.

त्याच उन्हाळ्यात हिवराळेला मुंबईच्या एका संशोधन संस्थेतून मुलाखतीचे बोलावणे आले. त्याच्या घरातच काय, वस्तीत कोणाला असले पत्र आले नव्हते. संस्थेला मार्गदर्शकाचे शिफारसपत्र बंद पाकिटात हवे होते. त्याच्यापाशी सर सोडून दुसरा मार्गदर्शक नव्हता. मी टायपिंगची परीक्षा दिलेली, म्हणून सरांनी मला बोलावले. पत्र इंग्रजीत होते. मराठीत सांगायचे तर: "श्री. हिवराळे यांनी माझ्या हाताखाली तीन वर्षे आकडेमोड केली. त्यांची आकडेमोड बिनचूक असते. स्वतंत्र विचाराची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये." तीन वाक्ये. तिसरे वाक्य टाइप करताना माझी बोटे थांबली. सर म्हणाले, "काय, स्पेलिंग अडलं?" मी म्हणालो, नाही. आणि पुरे केले.

पाकीट वसतिगृहावर मीच नेऊन दिले. हिवराळे बादलीत कपडे भिजवत होता. हात पुसून पाकीट घेतले, उजेडाला धरून बघितले.

"काय लिव्हलंय रे सरांनी?"

"चांगलं लिहिलंय. बिनचूक म्हटलंय."

"सर असं म्हनले?" तो खूश झाला. "मंग झालं काम, पाटील."

काम झाले नाही. तो परत आला आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर क्लार्क म्हणून चिकटला. तेव्हा शहराबाहेर कारखान्यांच्या शेड उभ्या राहायच्या आणि माणसे भरायचे; ज्याला हिशेब येतो तो उपाशी राहत नव्हता. पुढे वाळूजला वसाहत वाढली. मी एका कंपनीत कॉस्टिंगला लागलो, दोन वर्षांनी तोही तिथेच आला. कंपनीत कॉम्प्युटर आला तेव्हा साहेब लोक त्याला हात लावायला बिचकत होते. हिवराळेने पुस्तके आणून स्वतः शिकून घेतले, आणि चार वर्षांत तो विभाग त्याच्याकडे आला. नऊ वर्षे आम्ही डबा एकत्र खाल्ला. माझी बायको दोघांना पुरेल एवढी भाजी द्यायची; मीच तसे सांगून ठेवले होते. सरांचा विषय निघाला तर तो म्हणायचा, "जाऊ दे. वांगं चांगलं झालंय." आणि माझ्या डब्यातले आणखी घ्यायचा.

सर निवृत्त झाले. सत्काराच्या ग्रंथात त्यांना तो जुना लेख पुन्हा द्यायचा होता, यंत्रावर पडताळून. ते मला म्हणाले, "तुमच्या कंपनीत आहे ना? एक रविवार मिळव." कॉम्प्युटर कोणाच्या ताब्यात आहे हे मी त्यांना सांगितले नाही. हिवराळेला सांगितले. तो म्हणाला, "येऊ दे की. मीबी वाट बघतोय चौदा वर्षं."

सर रिक्षाने आले, काखेत बावन्न टप्प्यांची बाडे. दारातून त्यांनी खुर्चीतला माणूस पाहिला आणि म्हणाले, "सतरा ते वीस?"

"हिवराळे," तो म्हणाला. "बसा, सर."

त्याने कार्यक्रम आधीच लिहून ठेवला होता. प्रथम आमचाच टप्पा घातला, पंचवीस कोटी वर्षांचा. सरांनी बाडातल्या शेवटच्या पानाशी आकडे ताडून पाहिले आणि म्हणाले, "बिनचूक." एकोणीस फळ्याबाहेर गेली होती, आमच्यासारखीच. या सगळ्याला, तीन वर्षांच्या रविवारांना, सरांचा चष्मा पुसून होईपर्यंतचा वेळ लागला.

"आता बारीक टप्पा," हिवराळे म्हणाला. "साडेसहा लाख वर्षांचा. वीस हजार टप्पे." त्याने कळ दाबली आणि हात मांडीवर ठेवून बसला. चाळीस मिनिटे लागली. मी चहा आणला, तो तिघांचाही निवला.

मग प्रिंटर सुरू झाला. हिवराळे पहिली पाने पाहत गेला, एका पानाशी थांबला, आणि कागद सरांपुढे धरला. "सर, एकोणीस मोठ्यांजवळ आली, वळली, अन् माघारी आली. कुठं गेली नाय ती. आजबी समूहातच हाय. फेकली ती आपण, वहीत."

"आकडा सांग."

त्याने अंतर सांगितले. सरांनी ते लाल पेनाने मागच्या पानावर लिहून घेतले, दोनदा पडताळले. मग म्हणाले, "पूर्ण प्रिंट दे."

"देतो. सर, त्या मुंबईच्या पत्रात काय लिव्हलं होतं तुम्ही?"

"जे मला वाटलं ते."

"आकडा नव्हता त्यात."

सरांनी पट्टी माझ्याकडे केली. "एक ते चारला विचार. टाइप त्यानंच केलं होतं."

प्रिंटर कुरकुरत होता. हिवराळेने माझ्याकडे पाहिलेही नाही. तो कागदाची घडी नीट पडते की नाही ते बघत होता.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "मुलाखतीत त्यांनी मला वाचून दाखवलं होतं. तिसरं वाक्य दोनदा वाचलं. टाइप कुणी केलं तेबी समजलं होतं. तुमच्या ओळखीत टायपिंगवाला एकच." मग मला म्हणाला, "लई भाजी खाल्ली तुझी, पाटील. मला वाटायचं, आज सांगशील, उद्या सांगशील."

सोमवारपासून तो डबा खायला आपल्या केबिनमध्ये बसू लागला. भांडण नाही, काही नाही. माझ्या घरून भाजी अजून काही दिवस दोघांपुरती येत राहिली, मग मी बायकोला सांगितले, कमी कर.

त्यानंतर थोड्याच दिवसांत विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. संध्याकाळी शहराच्या एका अंगाला फटाके वाजत होते, दुसऱ्या अंगाला दुकाने लवकर मिटत होती. मला सरांकडे त्यांचे एक बाड परत द्यायचे होते, ते गाडीत राहिले होते. मी गेलो. खिडकी लावलेली होती.

काकूंनी चहा आणला, तो 'एक ते चार' आकडा घातलेल्या पेल्यात. मी म्हणालो, "अजून जपून ठेवलेत?"

"जपायचं काय त्यात. फेकवत नाही." काकू हसल्या. "त्या वेळी लई डोकं लावलं होतं ह्यांनी. एका पोराचा पेला वेगळा ठेवायचा, तर त्याला कळू नये, वाईट वाटू नये. मग आठांचेच आकडे घातले. कुणाला शंकाबी नाही आली."

मी चहा प्यायलो. आठ मुलांत मला एकट्यालाच हे कळले असेल, आणि तेही सोळा वर्षांनी. सरांनी ऐकले होते, पण त्यांचे लक्ष हातातल्या कामात होते. समोर हिवराळेने दिलेला प्रिंटचा गठ्ठा. कंपनीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक ओळ छापून यायची: तारीख, विभाग, आणि 'यू. हिवराळे'. सर पट्टी लावून रेघ मारत होते आणि कात्रीने ती ओळ कापून काढत होते. पान संपले की पट्टीने उलटायचे, दुसरे घ्यायचे. पायाशी कागदाच्या पट्ट्या पडल्या होत्या. पाने एक्केचाळीस होती. मी गेलो तेव्हा अठ्ठावीस झाली होती.

"दुरुस्तीचा लेख देतोय ग्रंथात," सर म्हणाले. "चूक होती ती होती. आकड्यापुढे मान तुकवली पाहिजे. आभारात तुझं नाव घालतो. मशिन तू मिळवलंस."

मी चौकटीकडे पाहिले. लाकडात टाचणीचे भोक होते, बटण नव्हते. काळ्या कापडावर, दोन ओव्हरकोटाच्या बटणांच्या मधोमध, पांढरे बटण बसलेले होते. सरांनी एकोणीस नंबरला परत आत घेतले होते, पट्टीने मोजून.

बाहेर माळ फुटली. सर थांबले, माळ संपू दिली. मग कापलेले पान उजेडाकडे वर धरून त्यांनी डोळे बारीक केले आणि ते माझ्यापुढे केले.

"माझी नजर आता पोचत नाही. एक ते चार, बघ, कड सरळ आली का?"

मी पान हातात घेतले, पाहिले.

"सरळ आहे, सर."